आंधळी लेखणी, डोळस हिशेब

यंत्रानें चित्र काढावें यांत आतां कोणास नवल वाटत नाहीं. हातांतल्या फोनच्या कांचेवर अनोळखी गांवाचा नकाशा क्षणांत उमटतो, विजेच्या बिलावर गेल्या कांहीं महिन्यांच्या खर्चाचे खांब उभे असतात, आणि घरांतील मुलें तें सारें पाहून न पाहिल्यासारखें करून पुढें जातात. नित्य परिचयानें आश्चर्य ओसरतें, हा मनुष्यस्वभावच आहे. त्याबद्दल कोणास बोल लावण्याचें कारण नाहीं. परंतु आश्चर्याच्या पाठोपाठ जिज्ञासाही ओसरूं लागली, तर ती हानि मात्र मोठी मानिली पाहिजे. एवढ्याकरितां या महिन्यांत आम्ही वाचकांस साठाहून अधिक वर्षें मागें नेणार आहों. त्या काळीं संगणक म्हणजे एक सबंध दालन अडवून बसलेली कपाटांची रांग असे. उत्तर द्यावयाचें तें तो बहुधा छापील आंकड्यांच्या लांबलचक भेंडोळ्यांतून देई. आणि चित्रच हवें असल्यास खरोखरीच्या कागदावर खरोखरीची शाईची लेखणी चालवून तें काढून दाखवी. आंकड्यांखेरीज ज्याला कांहींच कळत नाहीं असा हा संगणक लेखणी कशी चालवीत असे, तें आज पाहावयाचें आहे.

विषय कारखान्यांतला आहे, घरांतला नव्हे, अशी शंका कोणी घेईल. पण ज्या घरांत मुलें शिकत आहेत अशा बहुतेक घरांत आज एक वाद निघतो. "हिशेब यंत्र करतें, चित्र यंत्र काढतें, मग आम्हीं पाढे कशास पाठ करावे आणि अपूर्णांकांशीं झोंबावें तरी कशाला?" असें नातू विचारतो, नातही विचारते, आजोबा रागावतात, पण उत्तर देत नाहींत. रागावणें हें उत्तर नव्हे. जवळजवळ चाळीस वर्षें फळ्यासमोर काढल्यावर आमचें असें मत झालें आहे कीं, मुलांच्या प्रश्नास उत्तर द्यावयाचें तें दृष्टांतानें द्यावें, दटावणीनें देऊं नये. त्या उत्तरास लागणारा दृष्टांत या जुन्या लेखणीपाशीं आहे.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊं. कॅलिफोर्निया कॉम्प्यूटर प्रॉडक्ट्स, संक्षेपानें कॅलकॉम्प, या अमेरिकन कंपनीनें १९५९ सालीं ५६५ या क्रमांकाचें एक यंत्र विक्रीस काढलें. अशा यंत्रास प्लॉटर असें नांव आहे. आय.बी.एम. या विख्यात कंपनीनेंही हेंच यंत्र १६२७ हा आपला क्रमांक देऊन विकलें. मोठ्या लाटण्यासारखा एक आडवा रूळ. त्यावरून गेलेला बारा इंच रुंदीचा कागद. कागदाच्या दोन्ही कडांस ओळीनें पाडलेलीं भोंकें, आणि त्या भोंकांत अडकणारे, रुळाच्या टोकांस बसविलेले दांते. रूळ फिरला कीं कागद पुढें किंवा मागें सरकतो. रुळाच्या वर एक दांडी आडवी बसविलेली असून तिच्यावरून लेखणीचा लहानसा गाडा डावीकडे किंवा उजवीकडे जातो. कागदाचें सरकणें आणि गाड्याचें सरकणें या दोहोंच्या संयोगानें लेखणी कागदावर कोठेंही पोंचूं शकते.

पण 'कोठेंही' हा शब्द येथें जपून घ्यावयास हवा. रूळ आणि गाडा हलविणाऱ्या मोटारींचा विशेष असा कीं, त्या सलग फिरत नाहींत. विजेचा एक ठोका मिळाला कीं एक पाऊल टाकतात आणि थांबतात. हें पाऊल एका इंचाच्या शंभराव्या भागाचें. सेकंदास अशीं ३०० पावलें टाकण्याची या यंत्राची शक्ति. लेखणी कागदावर टेकविणें किंवा उचलणें हें काम मात्र तुलनेनें सावकाश, सेकंदास १० वेळां. संगणकाकडून त्यास मिळणाऱ्या आज्ञा इतक्याच: कागद पुढें, कागद मागें, गाडा डावीकडे, गाडा उजवीकडे, लेखणी खालीं, लेखणी वर. कागद आणि गाडा या दोहोंस एकाच वेळीं आज्ञा दिली म्हणजे पाऊल तिरपें पडतें. अर्थात् चार सरळ आणि चार तिरप्या मिळून या लेखणीस आठच दिशा ठाऊक. आमच्या जुन्या लोकांनीं पूर्व, आग्नेय, दक्षिण अशा ज्या अष्टदिशा मानिल्या, नेमक्या तेवढ्याच! नववी दिशा तिला कोणी कितीही समजावून सांगितली तरी कळावयाची नाहीं.

आमच्या वाचकभगिनींच्या हें चटकन् ध्यानांत येईल. ठिपक्यांची रांगोळी काढतांना आधीं ठिपके मांडतात आणि मग एका ठिपक्यापासून शेजारच्या ठिपक्यापर्यंत रेघ ओढीत जातात. प्लॉटरचा कागद म्हणजे इंचाइंचास शंभर ठिपके मांडलेलें, परंतु ठिपके डोळ्यांस न दिसणारें, असें अंगणच होय. लेखणीनें जावयाचें तें शेजारच्या ठिपक्यावर. मध्यें थांबण्याची सोय नाहीं.

आतां अडचण पाहा. समजा, एका ठिपक्यापासून अकरा पावलें पुढें आणि चार पावलें वर असलेल्या दुसऱ्या ठिपक्यापर्यंत सरळ रेषा काढावयाची आहे. पट्टी लावून माणूस ती सहज ओढील. पण त्या रेषेची दिशा आपल्या आठांपैकीं एकही नव्हे. आधीं अकरा पावलें आडवीं आणि मग चार उभीं टाकलीं, तर रेषेऐवजीं पायरी होईल. आधीं चार तिरपीं आणि मग सात आडवीं टाकलीं, तर रेषेस कोंपर येईल. खरी रेषा ज्या ठिपक्यांच्या अगदीं जवळून जाते तेच ठिपके निवडून, आडवीं आणि तिरपीं पावलें योग्य जागीं मिसळलीं, तरच ती रेषा डोळ्यांस सरळ भासेल. पाऊल इतकें बारीक असल्यानें मधली दांतेरी वळणें सहसा नजरेस येत नाहींत. तेव्हां सारा प्रश्न एवढाच उरतो: कोणतें पाऊल आडवें आणि कोणतें तिरपें, हें संगणकानें ठरवावें कसें?

शाळेंत शिकणारा हुशार मुलगा म्हणेल, यांत कठीण तें काय? प्रत्येक पावलास रेषा चार-अकरांश पाऊल वर चढते. सातव्या पावलाशीं ती किती चढली हें काढावयाचें तर ७ ला ४ नीं गुणावें आणि ११ नीं भागावें. २८ भागिले ११, म्हणजे अडीचाहून थोडें अधिक. सबब जवळचा ठिपका तिसऱ्या ओळींतला. उत्तर बिनचूक आहे. आम्ही त्यास पैकीच्या पैकीं गुण देऊं. परंतु हें गणित ज्या यंत्राकडून करवावयाचें त्याची ऐपतही पाहिली पाहिजे.

आय.बी.एम. कंपनीचा १४०१ हा संगणक १९५९ सालीं जाहीर झाला आणि पुढें हजारोंच्या संख्येनें कचेऱ्यांतून राबला. त्याची स्मृति १,४०० अक्षरांपासून फार तर १६,००० अक्षरांपर्यंत. म्हणजे एखाद्या मासिकाचीं थोडीं पानें भरतील इतकीच. गुणाकार-भागाकार करणारें अंग त्यास मुळांत नसे. तें निराळे पैसे मोजून घ्यावें लागे, आणि ज्यांनीं तें घेतलें नसेल त्यांस पुन्हापुन्हां बेरजा-वजाबाक्या करवून तीं कामें साधावीं लागत. त्याच्या स्मृतीचें एक आवर्तन साडेअकरा मायक्रोसेकंदांचें असे. लेखणी सेकंदास ३०० पावलें टाकणार, तर एका पावलास वेळ मिळतो सुमारें ३,३३३ मायक्रोसेकंद. तेवढ्यांत आवर्तनें बसतात सुमारें २९०. पांच आंकडी संख्यांची एक बेरीज करावयासच त्यांतलीं वीसेक आवर्तनें खर्च होतात. मग बेरजांवर बेरजा रचून केलेल्या गुणाकार-भागाकारांस वेळ पुरावा कोठून? संगणक गणित करीत बसावा आणि लेखणी हातावर हात ठेवून तिष्ठत राहावी, हाच परिणाम.

ही कोंडी जॅक ब्रेझनहॅम या तरुण संशोधकानें फोडली. १९६२ सालीं ते कॅलिफोर्नियांतील सॅन होझे येथें आय.बी.एम.च्या प्रयोगशाळेंत काम करीत होते. तेथें १४०१ संगणकास त्याच्या टंकलेखन-मेजामार्फत कॅलकॉम्पचा प्लॉटर जोडलेला होता. त्या लेखणीसाठीं त्यांनीं रेषा काढण्याची एक नवी रीति बसविली, १९६३ सालीं डेन्व्हर येथील संगणकतज्ज्ञांच्या परिषदेंत ती मांडली, आणि १९६५ सालीं आय.बी.एम.च्या नियतकालिकांत ती छापून आली. लेख अवघ्या पांचसहा पानांचा आहे. पण त्याचें आयुष्य अनेक जाडजूड ग्रंथांहून मोठें ठरलें.

ती रीति अशी. पहिली गोष्ट त्यांनीं हेरली ती ही कीं, रेषा जितकी चढते त्याहून पुढें अधिक जात असेल, तर प्रत्येक वेळीं निवड दोहोंतूनच करावयाची असते: आडवें पाऊल किंवा तिरपें पाऊल. तिसरा मार्गच नाहीं. आणि दोहोंतून एक निवडावयाचें तर एखादी संख्या किती मोठी आहे हें कळण्याची गरज नसते. ती उणी आहे कीं नाहीं, एवढें चिन्ह कळलें म्हणजे पुरें. दुसरी गोष्ट अपूर्णांकांची. अकरांशांचा ११ हा छेद, आणि 'अर्ध्याहून कमी कीं अधिक' हें पाहण्याकरितां लागणारा २ हा छेद, हे दोन्ही आरंभींच काढून टाकतां येतात. एका पावलाचे २२ भाग कल्पावे. म्हणजे पुढच्या प्रत्येक पावलागणिक खरी रेषा ८ भाग वर चढते. पुरें पाऊल २२ भागांचें. आणि अर्ध्याची मर्यादा ११ भागांची. अपूर्णांक संपले, उरल्या त्या पूर्ण संख्या.

आतां लेखणीच्या नांवानें एक खातें उघडूं. पुढच्या पावलाशीं खरी रेषा लेखणीच्या सध्यांच्या ओळीहून किती भाग वर असेल तें पाहून, त्यांतून अर्ध्याची मर्यादा वजा करावी. उरेल ती खात्याची बाकी. आरंभीं ही बाकी ८ वजा ११, म्हणजे उणे ३. नियम दोनच. बाकी उणी असेल, तर पाऊल आडवें टाकावें आणि बाकींत ८ मिळवावे. बाकी उणी नसेल, तर पाऊल तिरपें टाकावें. लेखणी पुरें एक पाऊल वर चढली म्हणून २२ वजा करावे आणि नेहमींचे ८ मिळवावे, म्हणजे एकंदरींत १४ वजा करावे. बस्स, सारी रीति एवढीच.

चालवून पाहूं. उणे ३, आडवें. अधिक ५, तिरपें. उणे ९, आडवें. उणे १, आडवें. अधिक ७, तिरपें. उणे ७, आडवें. अधिक १, तिरपें. उणे १३, आडवें. उणे ५, आडवें. अधिक ३, तिरपें. उणे ११, आडवें. अकरा पावलें झालीं; त्यांत सात आडवीं, चार तिरपीं; लेखणी अकरा पुढें आणि चार वर, जेथें पोंचावयाचें तेथें नेमकी पोंचली. आणि खात्याची बाकी? उणे ११ मध्यें ८ मिळवा: पुन्हां उणे ३, जेथून आरंभ केला तीच. सात वेळां ८ जमा झाले, ते छप्पन. चार वेळां १४ खर्चीं पडले, तेही छप्पन. जमाखर्चाचा मेळ बसला.

या साऱ्या प्रवासांत गुणाकार नाहीं, भागाकार नाहीं, अपूर्णांक नाहीं. एक तपासणी आणि एक बेरीज किंवा वजाबाकी, एवढेंच प्रत्येक पावलास काम. रेषा पुढें जाण्याहून वर अधिक चढत असेल, तर दोहोंच्या भूमिकांची अदलाबदल करावी. डावीकडे किंवा खालीं जात असेल, तर दिशा तेवढ्या बदलाव्या. खातें तेंच राहतें. क्वचित् बाकी नेमकी शून्य येते. म्हणजे रेषा दोन ठिपक्यांच्या बरोबर मधून जाते आणि दोन्ही ठिपके सारखेच जवळ असतात. तेथें कोणताही घेतला तरी चालतें, मात्र नियम एकदां ठरला कीं तो मोडतां कामा नये. याची एक गंमत अशी कीं, दोन पावलें पुढें आणि एक पाऊल वर जाणारी रेषा एका टोकाकडून काढली तर मधला ठिपका वरचा येतो, आणि तीच दुसऱ्या टोकाकडून काढली तर खालचा!

आतां या रीतींतलें मर्म पाहूं. लेखणी मधल्या प्रवासांत खऱ्या रेषेवर जवळजवळ कधींच नसते. आपल्या उदाहरणांत मधल्या दहाही ठिपक्यांशीं ती रेषेहून थोडी वर किंवा थोडी खालीं आहे. तरीही ती अर्ध्या पावलाहून, म्हणजे इंचाच्या दोनशेंव्या भागाहून, अधिक ढळत नाहीं. याचें कारण, कोणत्याही पावलाची चूक विसरली जात नाहीं. ती बाकींत राहते आणि पुढच्या पावलास कोणीकडे झुकावयाचें तें सांगते. याच्या उलट, प्रत्येक पावलास "चार-अकरांश म्हणजे अर्ध्याहून कमीच, सोडून द्या" असें म्हटलें असतें, तर अकरा पावलें संपलीं तरी लेखणी एक केसभरही वर चढली नसती. सोडून दिलेल्या लहानलहान चुकांची मिळून चार पावलांची मोठी चूक झाली असती.

हा विचार आमच्या घरांस नवा नाहीं. तो प्रत्येक घरच्या पंचांगांत आहे. चांद्रवर्ष सुमारें ३५४ दिवसांचें आणि सौरवर्ष सुमारें सवातीनशें पासष्ट नव्हे, तर तीनशें सव्वापासष्ट दिवसांचें. दरसाल सुमारें अकरा दिवसांची तूट पडते. ती रोज थोडथोडी भरूं म्हटलें तर तिथि आणि चंद्र यांची फारकत होईल. मुळींच भरली नाहीं तर दिवाळी सरकत सरकत उन्हाळ्यांत जाईल. म्हणून तूट सांचूं द्यावयाची, तिचा हिशेब ठेवावयाचा, आणि ती महिन्याएवढी झाली म्हणजे एक पुरा महिना घालावयाचा, तोच अधिक मास. कांहीं पावलें आडवीं, मग एक तिरपें! सूर्यसिद्धान्तांत हा हिशेब पूर्ण संख्यांनींच सांगितला आहे: ४३,२०,००० वर्षांच्या महायुगांत सौर मास ५,१८,४०,००० आणि अधिक मास १५,९३,३३६, म्हणजे सुमारें साडेबत्तीस सौर मासांस एक अधिक मास. छेद कितीही मोठा घ्यावा, पण अपूर्णांक नको, ही ज्योतिष्यांची युक्ति आणि पावलाचे २२ भाग कल्पिण्याची युक्ति, या एकाच कुळांतल्या. प्रत्यक्ष पंचांगांतली कसोटीही होय किंवा नाहीं अशाच स्वरूपाची आहे: ज्या चांद्रमासांत सूर्याची संक्रांति होत नाहीं तो अधिक. २०१८ सालीं ज्येष्ठ, २०२० सालीं आश्विन आणि २०२३ सालीं श्रावण अधिक झाला. पहिल्या दोहोंत अंतर २८ महिन्यांचें, पुढच्या दोहोंत ३४ महिन्यांचें. सूर्याची भासमान गति वर्षभर सारखी नसल्यानें अंतरें अशीं कमीअधिक पडतात. पण तूट हिशेबाबाहेर जात नाहीं.

एवढें वाचून कोणी "मग प्लॉटर आमच्या पूर्वजांनींच शोधला" असें म्हणूं लागेल, तर त्यास आमचा साफ नकार आहे. सूर्यसिद्धान्त रचणारांपुढें विजेची लेखणी नव्हती, आणि ब्रेझनहॅम यांच्यापुढें प्रश्न होता तो एका गरीब यंत्राच्या थोड्या वेळाचा. अडचण सारखी असली म्हणजे दूरदूरच्या देशांतलीं आणि काळांतलीं माणसें सारख्या वाटेनें जातात, एवढेंच यांतून सिद्ध होतें. आणि तेवढें आम्हांस पुरेसें आनंददायक वाटतें. ज्यास अधिक मास समजला त्यास ही रीति परकी वाटूं नये, इतक्यापुरताच हा दृष्टांत.

लेखणीचें दुसरें अंगही सांगितलें पाहिजे. ती आंधळी आहे. संगणक आज्ञा देतो. ती पाळली गेली कीं नाहीं हें परत येऊन त्याला कोणी कळवीत नाहीं. कागदाचें भोंक दांत्यावरून निसटलें, किंवा विजेचा एखादा ठोका वाटेंत हरवला, तर संगणकाच्या लेखीं लेखणी एके ठिकाणीं आणि प्रत्यक्षांत दुसरे ठिकाणीं! तेथून पुढची प्रत्येक रेषा तेवढ्या अंतरानें सरकलेली. वर्तुळ काढूं जावें तर त्याचीं टोकें जुळत नाहींत. खात्यांत मात्र सर्व आलबेल. वहींतली शिल्लक चोख आणि पेटींत पैसे कमी, अशांतला हा प्रकार. यावरचा साधा उपाय यंत्राच्या आंत नाहीं, बाहेर आहे: चित्र संपल्यावर लेखणीस आरंभींच्या ठिपक्यावर परत आणावें आणि ती तेथेंच टेकते कीं नाहीं, हें माणसानें आपल्या डोळ्यांनीं पाहावें.

या दोन चुकांतील भेद लक्षांत ठेवण्यासारखा आहे. पहिली चूक जवळजवळ प्रत्येक पावलास होते, पण ती खात्यांत मांडलेली असल्यानें निरुपद्रवी. दुसरी एकदांच होते, पण ती कोठेंच मांडलेली नसल्यानें पुढचें सारें चित्र नासवते. महिन्याचा खर्च ठेवणाऱ्या गृहिणीस हें आम्हीं सांगावयास नको. ठरल्याहून चार रुपये अधिक गेले आणि ते वहींत लिहिले, तर पुढच्या आठवड्यांत हात आंखडतां येतो; न लिहिलेला रुपया मात्र घरभर संशय पसरवितो.

सरळ रेषा साधली कीं बाकीचें बरेंचसें साधतें. वक्र रेषा म्हणजे लहानलहान सरळ तुकड्यांची माळ. अक्षर म्हणजे चारदोन तुकडे आणि मध्यें लेखणी उचलणें. वर्तुळासाठीं अशाच बेरीज-वजाबाकीनें चालणारी स्वतंत्र रीति ब्रेझनहॅम यांनीं पुढें १९७७ सालीं प्रसिद्ध केली. वेळेचा हिशेब मात्र येथेंही सुटत नसे. एकंदर ६० फूट लांबीच्या रेषा असलेला नकाशा घ्या. आडव्या-उभ्या पावलांच्या मापानें तीं ७२,००० पावलें झालीं. त्यांस चार मिनिटें लागतील. त्याच नकाशांत लेखणी दीड हजार वेळां उचलून पुन्हां टेकवावी लागली, तर त्या ३,००० हालचालींस आणखी पांच मिनिटें. म्हणजे रेघा ओढण्याहून लेखणी उचलण्यासच वेळ अधिक! म्हणून कोणती रेघ आधीं आणि कोणती मागून, हाही विचार करणें फायद्याचें ठरे. शिवाय लेखणी रेघा ओढीत असतां महागडा संगणक तिच्यापाशीं अडकवून ठेवणें परवडण्यासारखें नव्हतें. तेव्हां आज्ञांची यादी चुंबकीय फितीवर उतरून घ्यावी आणि ती फीत वाचणाऱ्या निराळ्या पेटीकडून लेखणी चालवावी, अशीही सोय झाली.

पुढें कागदावरच्या अदृश्य ठिपक्यांची जागा पडद्यावरच्या प्रकाशबिंदूंनीं घेतली; पण प्रश्न तोच राहिला. पडद्यावरही बिंदूंच्या ओळी मोजक्याच, आणि तिरप्या रेषेसाठीं कोणते बिंदु उजळावे हें ठरवावेंच लागतें. त्यामुळें लेखणीसाठीं बसविलेली रीति पडद्यास तशीच लागू पडली, आणि संगणकावर चित्रें काढण्याच्या विद्येंत ती आरंभींच्या धड्यांपैकीं एक होऊन बसली. थरावर थर चढवून वस्तु घडविणारीं किंवा लांकूड-धातु कोरणारीं आजचीं यंत्रें पाहिलीं, तर त्यांतील कित्येकांत दोनतीन मोटारींचीं पावलें एकमेकींशीं जुळविण्याकरितां हाच जमाखर्च ठेवलेला आढळतो.

आतां नातवाच्या प्रश्नाकडे वळूं. यंत्र सर्व करतें, मग गणित कशास? १४०१ या यंत्रानें केलें तें इतकेंच: एका संख्येचें चिन्ह पाहिलें आणि ८ मिळविले किंवा १४ वजा केले. चिन्हच पाहावें, ८ च मिळवावे आणि १४ च वजा करावे, हें ठरविणारें डोकें यंत्राबाहेर होतें. गुणाकार टाळण्याची युक्ति त्यालाच सुचते, ज्याला गुणाकार पुरता कळलेला असतो. ज्यास अपूर्णांक येत नाहींत तो ते टाळीत नाहीं. तो त्यांपासून पळतो, आणि टाळणें व पळणें यांत मोठें अंतर आहे. यंत्र पुढें कितीही शक्तिमान् झालें, तरी तें काय करीत आहे हें पाहणारा डोळा आणि लेखणी आरंभींच्या ठिपक्यावर परत आली कीं नाहीं हें तपासणारा माणूस, यांची गरज संपलेली नाहीं. तो माणूस गणित न शिकतां तयार होत नाहीं.

हें सारें मुलांस नुसतें वाचून दाखवूं नये. चौकटींची वही द्यावी, पेन्सिल द्यावी, आणि नऊ चौकटी पुढें व पांच चौकटी वर जाणारी रेषा या रीतीनें काढावयास सांगावी. येथें एका पावलाचे १८ भाग. रेषा प्रत्येक वेळीं १० भाग चढते. अर्ध्याची मर्यादा ९. म्हणून आरंभींची बाकी १. बाकी उणी असेल तर आडवें पाऊल आणि १० जमा. उणी नसेल तर तिरपें पाऊल आणि ८ वजा. नऊ पावलांनंतर लेखणी नेमक्या ठिकाणीं पोंचून बाकी पुन्हां १ आली पाहिजे. ती तशी आली नाहीं, तर कोठें तरी पाऊल चुकलें असें समजावें. आणि तें कोणतें, हें मुलानेंच शोधून काढावें, आजोबांनीं सांगूं नये.